वॉर्डाचे नकाशे, ओबीसी आरक्षण आणि कोर्ट : महापालिका-झेडपीच्या निवडणुका एवढी वर्षं का अडकल्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२६ मध्ये बोटाला शाई लागली तेव्हा बऱ्याच जणांनी एकच विचारलं, मधली चार वर्षं नक्की कुणी अडवून धरलं होतं? कुणी म्हणतं सरकार, कुणी म्हणतं कोर्ट, कुणी ओबीसी आरक्षणावर खापर फोडतं, तर कुणाला मुंबईत वॉर्ड २२७ की २३६ एवढंच आठवतंय. मला गेली काही वर्षं जे प्रश्न सारखे विचारले गेले ते इथं एकत्र करतोय. मी वकील नाही. पण दोन वेळा प्रभाग रचनेवर हरकत घेतलेला, सुनावणीला रांगेत बसलेला आणि निकालपत्रं वाचत बसलेला मतदार आहे.

मुळात झालं काय? एकदा सरळ सांगा

मुंबई महापालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली, मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढचं मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे दोन मतदानांत जवळपास नऊ वर्षं. पुण्याचंही तेच. पण खरे हाल झाले ते नवी मुंबई, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर अशा शहरांचे. तिथं शेवटचं मतदान २०१५ मध्ये झालेलं आणि मुदत २०२० मध्येच संपलेली. आधी कोविड आला, मग कोर्ट. एप्रिल २०१५ नंतर लगेच अठरा पूर्ण केलेल्या तिथल्या मुलाला स्वतःच्या शहराचा नगरसेवक निवडायला पहिल्यांदा मिळाला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. कुणी कितीही तांत्रिक कारणं सांगितली तरी हा मुलगा माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही.

मधल्या काळात सगळीकडे प्रशासक. बजेट प्रशासकानंच मांडायचं आणि प्रशासकानंच मंजूर करायचं. मुंबईचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं, सभागृहात त्यावर प्रश्न विचारायला एकही निवडून आलेला माणूस नव्हता.

पण पाच वर्षांत निवडणूक घ्यायचीच असं घटनेत आहे ना?

आहे, अगदी स्पष्ट आहे. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ पासून लागू झाली, तिच्यात कलम २४३ ई पंचायतींसाठी आणि २४३ यू नगरपालिका-महापालिकांसाठी. पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मधेच बरखास्त केली तर सहा महिन्यांत. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं राज्य निवडणूक आयोगांना बजावलं होतं की मुदतीत निवडणूक घेणं हे तुमचं घटनात्मक काम आहे, नको ती कारणं काढून ते लांबवता येणार नाही. ते प्रकरणही वॉर्डांची फेररचना वेळेत न झाल्याचंच होतं. म्हणजे नकाशा तयार नाही ही सबब तेव्हाही जुनीच होती.

मग तरी असं का झालं? कारण आपल्याकडे एकाच वेळी दोन भांडणं पेटली, एक आरक्षणाचं आणि एक नकाशाचं. दोन्ही कोर्टात गेली आणि एकमेकांत अडकली.

प्रभाग रचना म्हणजे नक्की काय करतात?

जनगणनेत प्रत्येक भागाचे छोटे तुकडे केलेले असतात, त्यांना प्रगणक गट म्हणतात. हे गट एकमेकांना जोडत जोडत प्रभाग तयार होतो. नियम असा की शहराच्या उत्तरेकडून सुरुवात करायची, ईशान्येकडून पूर्वेला यायचं, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे असं सरकत सरकत शेवट दक्षिणेला. प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या आसपास, फरक फार तर दहा टक्के. प्रगणक गट शक्यतो फोडायचा नाही. नदी, नाला, रेल्वे लाइन, मोठा रस्ता यांच्या हद्दी धरायच्या, एका वस्तीचे दोन तुकडे करायचे नाहीत. मग प्रारूप आराखडा जाहीर होतो, हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते, अंतिम रचना येते, आणि त्यानंतर आरक्षणाची सोडत.

कागदावर हे छान आहे. अडचण ही की आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत. २०११ मध्ये जिथं शेत होतं तिथं आज बारा-बारा मजली सोसायट्या आहेत. त्यामुळे कागदावर समान असलेले दोन प्रभाग प्रत्यक्षात मतदारांच्या संख्येत कुठल्या कुठे जातात.

सोयीचा नकाशा करतात म्हणजे कसं? पुरावा काय असतो?

दहा टक्के इकडे-तिकडे करायची मुभा आहे ना, तिथंच खेळ होतो. एखाद्याची हक्काची वस्ती पलीकडच्या प्रभागात टाकली की त्याचं गणित संपलं. किंवा ज्या समाजाची मतं एका ठिकाणी ताकद दाखवू शकतात ती वस्ती मधोमध फोडून दोन्हीकडे थोडी थोडी वाटायची, म्हणजे दोन्हीकडे कमी पडतात. नाला ओलांडून, हायवे ओलांडून एखादी चाळ शेपटीसारखी जोडलेली दिसली की समजायचं की तिथं नियमापेक्षा दुसरं काहीतरी चाललंय.

पुरावा देणं मात्र अवघड. अधिकारी म्हणतात लोकसंख्येचा मेळ बसवण्यासाठी केलं, आणि आकडेमोड केली तर मेळ बसलेलाही असतो. हरकत घेणाऱ्याला दाखवून द्यावं लागतं की हेच आकडे वापरून, वस्ती न फोडताही रचना होत होती. तेवढी मेहनत किती जण करणार.

दर वेळी दोन सदस्य, तीन सदस्य, चार सदस्य असं का बदलतं?

कारण कायदा राज्य सरकारच्या हातात आहे आणि प्रत्येक सरकारला आपल्याला परवडणारा आकडा आठवतो. मुंबई सोडून बाकी महापालिकांचा इतिहास बघा, २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनाचा, २०१७ ला चाराचा. महाविकास आघाडी सरकार आलं, त्यांनी आधी एक सदस्य असा कायदा केला, मग २०२१ मध्ये तीनचा निर्णय घेतला. २०२२ मध्ये सरकार बदललं, परत चार. मुंबईत मात्र कायम एक वॉर्ड एक नगरसेवक.

मोठ्या प्रभागात मोठ्या पक्षाचं पॅनल चालतं, अपक्ष आणि छोटे पक्ष बुडतात, कारण पन्नास-साठ हजार आणि कधी त्याहून जास्त लोकांपर्यंत पोचायला पैसा लागतो. आणि मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. निवडून आल्यावर ड्रेनेज तुंबलं तर कुणाला फोन करायचा? चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात. माझं स्पष्ट मत आहे की एक वॉर्ड एक नगरसेवक हीच पद्धत लोकांच्या फायद्याची आहे, पण कोर्ट यात पडत नाही, हा धोरणाचा विषय आहे म्हणतं.

पुण्याचं उदाहरण घ्या. २०२२ च्या आराखड्यात ५८ प्रभाग आणि १७३ नगरसेवक होते. निवडणूक झालीच नाही. २०२५ च्या रचनेत ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. शहर तेच, माणसं तीच, जनगणनाही तीच.

यात ओबीसी आरक्षण कुठून आलं?

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत ओबीसींना सरसकट २७ टक्के जागा होत्या, झेडपी-पंचायत समितीच्या १९६१ च्या कायद्यातल्या कलम १२ मध्ये तशी तरतूद. पण एससी आणि एसटीच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात द्याव्या लागतात, आणि आदिवासी जास्त असलेल्या जिल्ह्यांत ती बेरीज २७ शी केली की ५० टक्क्यांच्या पुढं जायची. नागपूर, अकोला, वाशिम, भंडारा, गोंदिया इथल्या झेडपींवरून हे प्रकरण कोर्टात गेलं आणि ४ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी विकास गवळी प्रकरणात निकाल दिला की सरसकट २७ टक्के चालणार नाही.

परिणाम लगेच झाला. ओबीसी जागांवरून आधीच निवडून आलेल्या सदस्यांची पदं गेली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या जागा खुल्या करून पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या. सरकारनं अध्यादेश काढला की २७ टक्क्यांपर्यंत देऊ पण एकूण ५० च्या आत ठेवू. ६ डिसेंबर २०२१ ला कोर्टानं त्यालाही स्टे दिला आणि १५ डिसेंबरला सांगितलं की त्या जागा खुल्या प्रवर्गात टाका. नगरपंचायतींची निवडणूक तर तोंडावर होती, उमेदवारी चालू होती. म्हणून एकाच गावात दोन टप्पे झाले, बाकी वॉर्डांचं मतदान २१ डिसेंबरला आणि ओबीसीच्या खुल्या केलेल्या वॉर्डांचं १८ जानेवारी २०२२ ला. ज्या कार्यकर्त्यांनी त्या जागेसाठी वर्षानुवर्षं तयारी केली होती त्यांना एका आठवड्यात कळलं की ती जागा आता आपली नाही. ते दुःख खरं होतं, ते राजकारण म्हणून उडवून लावू नका.

ट्रिपल टेस्ट म्हणजे काय हो?

हे २०१० च्या के. कृष्णमूर्ती प्रकरणातून आलं, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ होतं. त्यांनी म्हटलं की शिक्षण-नोकरीतलं मागासलेपण आणि राजकारणातलं मागासलेपण एकच नाही, त्यामुळे दुसऱ्यासाठी वेगळा अभ्यास हवा. गवळी निकालानं त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. राज्यानं त्यासाठी खास आयोग नेमायचा, त्यानं त्या त्या संस्थेनुसार मागासलेपणाची माहिती गोळा करून किती टक्के द्यायचं ते सांगायचं, आणि एससी-एसटी-ओबीसी मिळून ५० टक्क्यांच्या वर जायचं नाही.

आता माहिती कुठून आणणार? जातनिहाय मोजणीचे आकडे शेवटचे १९३१ चे. केंद्राकडे २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा डेटा आहे, तो राज्यानं मागितला, केंद्र म्हणालं त्यात चुका आहेत देता येणार नाही, आणि राज्याची ती याचिकाही १५ डिसेंबर २०२१ लाच फेटाळली गेली. म्हणजे कोर्ट म्हणतंय आकडे आणा आणि आकडे कुणाकडेच नाहीत. राज्य मागासवर्ग आयोगाचा अंतरिम अहवाल दाखवला, तो मार्च २०२२ मध्ये कोर्टानं बाजूला ठेवला, कारण त्यात अभ्यास दिसत नव्हता.

बांठिया आयोगानं काय केलं आणि त्यावर एवढी नाराजी का?

माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०२२ मध्ये समर्पित आयोग नेमला, जुलैत अहवाल आला. त्यांनी मतदार याद्या घेऊन आडनावांवरून ओबीसींचा अंदाज काढला आणि राज्यात साधारण ३७ टक्के ओबीसी असल्याचं सांगितलं. आता महाराष्ट्रात आडनावावरून जात कशी ओळखणार? पवार, जाधव, शिंदे, गायकवाड, मोरे ही आडनावं किती समाजांत आहेत ते गावातल्या कुणालाही विचारा. ओबीसी संघटनांचा राग तिथंच होता, आणि माझ्या मते तो रास्त होता.

तरी २० जुलै २०२२ ला सुप्रीम कोर्टानं त्या अहवालानुसार निवडणुका घ्यायला परवानगी दिली. त्यात काही जिल्ह्यांत ओबीसींना काहीच उरत नव्हतं. नंदुरबारमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, तिथं एसटीच्या जागाच एवढ्या की ५० च्या आत ओबीसीला जागा शिल्लकच राहत नाही.

२०२२ मध्ये नक्की काय गोंधळ झाला? कुणालाच नीट सांगता येत नाही

हाच सगळ्यात गुंतलेला भाग, त्यामुळे सावकाश वाचा.

त्या वर्षी महापालिकांच्या प्रभाग रचनेचं काम राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली चालू होतं, १ फेब्रुवारीला प्रारूप आराखडेही आले, लोकांनी हरकती घेतल्या. मध्येच मार्चमध्ये, ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणुका होऊ नयेत म्हणून, विधिमंडळानं एकमतानं कायदा केला की प्रभाग रचनेचा अधिकार आयोगाकडून काढून सरकारकडे. एकमतानं हा शब्द लक्षात ठेवा, सत्ताधारी आणि विरोधक दोघेही त्यात होते. ११ मार्चला तो लागू झाला आणि आयोगाचं काम थांबलं.

त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेल्या याचिकेवर ४ मे २०२२ ला आदेश आला की ११ मार्चच्या आधीची जी रचना आहे ती धरा आणि दोन आठवड्यांत निवडणुकीचा कार्यक्रम सुरू करा. पाठोपाठ १० मे ला मध्य प्रदेशच्या प्रकरणात कोर्टानं सगळ्याच राज्यांना सांगितलं की ट्रिपल टेस्ट झाली नसेल तर ओबीसी आरक्षणाशिवाय घ्या, पण निवडणूक थांबवू नका. इथपर्यंत रस्ता मोकळा होता. आयोगानं रचना अंतिम केली, महिला आणि इतर आरक्षणाच्या सोडती निघाल्या, लोकांनी बॅनर लावले.

जूनअखेर सरकार बदललं. जुलैत बांठिया अहवाल मान्य झाला, पण ज्या ३६७ संस्थांचा कार्यक्रम आधीच जाहीर होता तिथं परत आरक्षण लावू नका असं कोर्टानं बजावलं, त्यात ९२ नगरपरिषदा होत्या. नव्या सरकारला त्या ९२ मध्येही ओबीसी आरक्षण हवं होतं, म्हणून ते परत कोर्टात. आणि ऑगस्टमध्ये नव्या सरकारनं अध्यादेश काढून तीन सदस्यांची तयार झालेली रचनाच रद्द केली, २०१७ प्रमाणे करा म्हणून. त्यालाही आव्हान. २२ ऑगस्ट २०२२ ला कोर्टानं पाच आठवडे परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगितलं.

ते पाच आठवडे मे २०२५ पर्यंत चालले.

म्हणजे दोष कोर्टाचा का?

काही अंशी हो, आणि हे बोलायला घाबरायचं कारण नाही. ज्या कोर्टानं मे २०२२ मध्ये निवडणूक थांबवू नका असं म्हटलं, त्याच कोर्टात नंतर तारखांवर तारखा पडत गेल्या. पण जैसे थे आदेश उठवा, लवकर सुनावणी घ्या, असा नेट लावून पाठपुरावा राज्याकडूनही दिसला नाही. प्रशासक म्हणजे राज्य सरकारनं नेमलेला अधिकारी, त्याच्यामार्फत कारभार चालतोय तर घाई कुणाला असणार? आधीच्या सरकारला नको होती आणि नंतरच्यालाही नव्हती. निवडणूक हवी होती ती पाण्याच्या टँकरसाठी ऑफिसच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला.

शेवटी ६ मे २०२५ ला न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती एन. कोटीश्वर सिंह यांच्या खंडपीठानं सांगितलं की चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका संपवा, आणि ओबीसी आरक्षण बांठिया अहवालाच्या आधी कायद्यात जसं होतं तसं द्या. वाद चालू राहू दे, निकाल त्याच्या अधीन राहतील. साधा तोडगा होता हा. असाच आदेश २०२२ मध्ये टिकला असता तर चार वर्षं गेली नसती.

चार महिन्यांतही झाल्या नाहीतच. ईव्हीएम कमी आहेत, कर्मचारी नाहीत, शाळा बोर्डाच्या परीक्षांसाठी लागतात अशी कारणं देऊन मुदतवाढ मागितली, १६ सप्टेंबरला कोर्टानं नाराजी व्यक्त करत ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली.

मुंबईचं २२७ आणि २३६ हे काय प्रकरण होतं?

२०१७ मध्ये २२७ वॉर्ड. आघाडी सरकारनं लोकसंख्या वाढली म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये २३६ केले, नऊ नवे वॉर्ड, त्यामुळे बाकी कित्येक वॉर्डांच्या हद्दी हलल्या. शिंदे सरकारनं ऑगस्ट २०२२ मध्ये परत २२७. त्याविरुद्ध माजी नगरसेवक हायकोर्टात गेले, म्हणणं असं की आयोगानं पूर्ण केलेलं काम अध्यादेशानं पुसता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं याचिका फेटाळल्या, नगरसेवकांची संख्या ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे म्हणून. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टातही सरकारची बाजूच टिकली आणि २२७ वरच निवडणूक झाली.

दोन्ही बाजू एकाच २०११ च्या जनगणनेचा हवाला देत होत्या, हे मला फार खटकतं. जनगणना वेळेवर झाली असती तर हे भांडण असं झालंच नसतं.

कोर्ट वॉर्डाचा नकाशा रद्द का करत नाही?

कलम २४३ झेडजी वाचा. मतदारसंघांच्या हद्दी आणि जागावाटपाच्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येणार नाही आणि निवडणुकीवर फक्त निवडणूक याचिकेतूनच प्रश्न उभा करता येईल, असं त्यात म्हटलंय. हेतू चांगला आहे, नाहीतर प्रत्येक पडणारा उमेदवार आधीच कोर्टात जाईल आणि निवडणूक कधी होणारच नाही. पण त्यामुळे चुकीच्या नकाशावर निवडणुकीआधी दाद मागायची जागा फार अरुंद राहते. कार्यक्रम जाहीर झाला की हायकोर्ट सहसा हात लावत नाही. अगदीच कायदा मोडलेला दिसला तर कोर्ट बघतं, पण तेही वेळेत गेलात तर.

गोव्याचं उदाहरण इथं महत्त्वाचं आहे. २०२१ मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे, केपे या पाच पालिकांत महिला आणि इतर राखीव प्रभाग नियमाप्रमाणे ठरवले नव्हते म्हणून हायकोर्टानं ते रद्द केलं, आणि १२ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टानं तो निर्णय कायम ठेवला. शिवाय सांगितलं की सरकारचा कायदा सचिवच राज्य निवडणूक आयुक्ताचा कारभार सांभाळतोय हे चालणार नाही, आयुक्त स्वतंत्र माणूसच पाहिजे. म्हणजे कोर्टाला करायचं असेल तर करता येतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये परत ५० टक्क्यांचं काय निघालं?

मे २०२५ च्या आदेशाचा अर्थ सरकारनं आणि आयोगानं असा लावला की सरसकट २७ टक्के परत आले. कोर्ट म्हणालं, ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडा असं आम्ही कधीच म्हटलं नव्हतं. तोवर २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचे अर्जसुद्धा भरून झाले होते. २८ नोव्हेंबरला मधला मार्ग निघाला, निवडणूक होऊ द्या, पण जिथं ५० च्या वर आरक्षण गेलंय अशा ५७ संस्थांचे, म्हणजे ४० नगरपरिषदा आणि १७ नगरपंचायतींचे निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन राहतील. महापालिकांपैकी नागपूर आणि चंद्रपूर या दोनच ठिकाणी मर्यादा ओलांडली जात होती. झेडपींत मात्र ही अडचण मोठी, म्हणून फेब्रुवारी २०२६ मध्ये फक्त १२ जिल्हा परिषदा आणि १२५ पंचायत समित्यांचं मतदान झालं, कोकणातले रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, इकडे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, आणि मराठवाड्यातले छत्रपती संभाजीनगर, परभणी, धाराशिव, लातूर. विदर्भ आणि खानदेशातला एकही जिल्हा त्यात नव्हता. ज्या आदिवासी भागांच्या आकड्यांवरून हा सगळा वाद उभा राहिला तिथलीच माणसं परत रांगेत मागे.

नगरपरिषदांचं २ डिसेंबर २०२५ ला मतदान होऊन मतमोजणी २१ ला का ढकलली?

काही नगरपरिषदांत उमेदवारीच्या वादामुळे आयोगानं ऐनवेळी मतदान २० डिसेंबरवर नेलं. मग आधीचे निकाल लागले तर नंतरच्या मतदानावर परिणाम होईल म्हणून हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सगळी मोजणी एकदम २१ तारखेला घ्यायला लावली. तोवर मशिनं पोलीस बंदोबस्तात.

मतदार यादीतल्या दुबार नावांचं काय? तोही मतदानाचा हक्कच ना?

हक्कच आहे. स्थानिक निवडणुकीची यादी वेगळी तयार होत नाही, विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागनिहाय फोडतात. यावेळी १ जुलै २०२५ ही तारीख धरली, त्यानंतर नाव घातलेल्यांना मतदान नाही, त्यावरही हायकोर्टात याचिका झाल्या. मुंबईच्या प्रारूप यादीत सुमारे ११ लाख दुबार नोंदी निघाल्या. आयोगानं अशा नावांपुढं दोन चांदण्या छापल्या आणि त्यांच्याकडून एकाच ठिकाणी मत देणार असं लिहून घ्यायचं ठरवलं. विरोधी पक्षांनी १ नोव्हेंबरला मुंबईत मोर्चा काढला तो याच मुद्द्यावर.

नकाशाशी याचा संबंध असा की प्रभागाची हद्द रस्त्यावर ठरते पण यादी फोडताना बिल्डिंगच चुकीच्या प्रभागात जाते. मतदाराला वाटतं नाव गायब झालं, खरं तर ते शेजारच्या प्रभागात असतं. म्हणून प्रारूप यादी आली की त्याच आठवड्यात बघा, मतदानाच्या आदल्या रात्री नाही.

आमदार-खासदारांच्या मतदारसंघांचे नकाशे यात येतात का?

नाही. ते केंद्राचा परिसीमन आयोग ठरवतो, आपल्या २८८ आणि ४८ जागांच्या आताच्या हद्दी २००८ च्या आदेशानं लागू झाल्या. पुढची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर होणार, आणि येणाऱ्या जनगणनेत जातींचीही मोजणी होणार आहे, त्यामुळे ओबीसींच्या ज्या आकड्यांसाठी एवढी वर्षं भांडण झालं ते तरी एकदाचे हाती येतील.

हरकत घेऊन खरंच काही होतं का?

मी दोनदा घेतली. २०२२ मध्ये आमच्या सोसायटीच्या पाच बिल्डिंगांपैकी दोन पलीकडच्या प्रभागात गेल्या होत्या, गेट एक, पाण्याचं कनेक्शन एक, पण नगरसेवक वेगळे. आम्ही नकाशा मोठा प्रिंट केला, हद्द रंगवली, तीस जणांच्या सह्या घेतल्या. सुनावणीत दोन-तीन मिनिटं मिळाली. पण बदल झाला, दोन्ही बिल्डिंगा परत जोडल्या, आणि आम्हाला फार बरं वाटलं. मग ती रचनाच ऑगस्टमध्ये रद्द झाली. २०२५ मध्ये नवीन आराखडा आला, परत त्या दोन बिल्डिंगा बाहेर. परत सह्या, परत नकाशा. सही करणाऱ्या एक आजी तोवर गेल्या होत्या. यावेळी हरकत मान्य झाली नाही.

तरीही घ्या म्हणतो मी. लेखी हरकत नसेल तर पुढं कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही त्या वेळी गप्प का होता. हरकतीत फक्त अन्याय झाला असं लिहू नका. कुठला प्रगणक गट, त्याची लोकसंख्या किती, तो इकडं घेतला तर दोन्ही प्रभाग दहा टक्क्यांत बसतात का, मधे कुठला नाला किंवा रस्ता हद्द म्हणून चालेल, एवढं लिहा. पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून घ्या.

निकालानंतर काही गडबड वाटली तर?

महापालिकेच्या निवडणुकीला निकालानंतर दहा दिवसांत निवडणूक याचिका करावी लागते, मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढं आणि बाकी शहरांत कायद्यात ठरवून दिलेल्या न्यायाधीशांपुढं. दहा म्हणजे दहाच, त्यात सुट्ट्या आल्या म्हणून निवांत राहू नका. आरक्षणाच्या ५७ संस्थांमधले सदस्य काम करतायत, बैठका घेतायत, त्यांच्या निवडीवर टांगती तलवार आहे पण त्यांनी घेतलेल्या अर्जांवर कार्यवाही थांबत नाही. तुमच्या प्रभागातले असतील तर कामं घेऊन बिनधास्त जा.

प्रारूप आराखड्याचा नकाशा, अंतिम अधिसूचना, सोडतीचा निकाल आणि प्रभागाची मतदार यादी, हे चारही कागद आज मिळतायत तोवर डाउनलोड करून ठेवा. २०२२ चे नकाशे आमच्या शहराच्या वेबसाइटवरून काढून टाकले होते, आणि २०२५ मध्ये तुलना करायला आम्हाला शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पडून राहिलेली एक प्रिंट उपयोगी पडली.